आयर्न मेडनचे २००० नंतरचे सहा अल्बम: काय ठेवावं, काय सोडावं

बेळगावहून बंगळूर पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि मुंबईही जवळजवळ तेवढीच. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा कार्यक्रम बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर झाला, तर १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. बंगळूरचा कार्यक्रम 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' या तेव्हाच्या ताज्या अल्बमच्या दौऱ्यातला होता. मुंबईपासून जो दौरा सुरू झाला, तो मुख्यतः ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे या बँडवर वाद निघाला की त्याची दोन टोकं अजूनही हीच असतात. एकाला नवी गाणी मान्य आहेत, दुसऱ्याला १९८८ नंतर काही ऐकायची गरज वाटत नाही.

दुसऱ्या टोकाचं ठरलेलं वाक्य म्हणजे 'पहिल्यासारखं र्‍हायलं नाही ओ.' ते खरंच आहे, पण त्याने अल्बम घ्यायचा की नाही हे कळत नाही. काय बदललं, कुठे बिघडलं आणि कुठे उलट सुधारलं, हे गाणं उघडून बघावं लागतं. सहाच्या सहा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकल्यावर आमचं मत पक्कं झालंय: या बँडच्या उत्तरकाळातला दोष लांबी हा नाही. शब्द पुढे न सरकता नुसती चाल फिरत राहते, तिथे गाणं पडतं. शब्द पुढे सरकले की अकरा मिनिटंही कमी वाटतात.

आधी आकडे. १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'मध्ये आठ गाणी, सुमारे चाळीस मिनिटं. गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ १९९९ मध्ये परतले आणि बँडमध्ये तीन गिटार झाल्या. त्यानंतरचे अल्बम असे: 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (२०००) ६७ मिनिटं, 'डान्स ऑफ डेथ' (२००३) ६८, 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' (२००६) ७२, 'द फायनल फ्रंटियर' (२०१०) ७६, 'द बुक ऑफ सोल्स' (२०१५) ९२, 'सेंजुत्सू' (२०२१) ८२. गाण्यांची संख्या मात्र दहा-अकराच राहिली. म्हणजे वाढ झाली ती एकेका गाण्याच्या आत. लांब गाणं या बँडला नवं नव्हतं. १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह'मधलं शेवटचं गाणं साडेतेरा मिनिटांच्या वर आहे. पण तेव्हा अख्ख्या अल्बममध्ये तसं एकच असायचं, बाकीची चार-पाच-सात मिनिटांत आटपायची. आता उलट झालंय, चार मिनिटांचं गाणं हुडकावं लागतं.

बँडचा बेसवादक आणि मुख्य गीतकार स्टीव्ह हॅरिस याचा गाणं बांधण्याचा एक ठरलेला साचा आहे, तो ओळखता आला की निम्मं काम झालं. सुरुवातीला बेस एकटा, मंद, दोन-तीन स्वरांभोवती फिरणारा. त्यावर डिकिन्सन खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा दोन कडवी म्हणतो. मग ढोल-गिटार एकदम कोसळतात आणि हॅरिसची ओळखीची घोडदौड सुरू होते: एक लांब, दोन लहान, एक लांब, दोन लहान. तबल्याच्या भाषेत 'धा तिट, धा तिट' सलग म्हणत राहा, तेच. ध्रुवपद चार-पाच वेळा येतं. मध्ये तीन गिटारवादक आळीपाळीने आपापला भाग वाजवतात. शेवटी सगळं थांबतं आणि पहिला मंद बेस परत येतो.

साचा असणं हा दोष नाही. ख्यालालाही साचा असतो, विलंबित झाल्यावर द्रुत येणार हे बेळगाव-धारवाडच्या श्रोत्याला कोणी शिकवायला नको. प्रश्न इतकाच की मुखड्यावर परत येताना गवई काही घेऊन आला का. हॅरिसच्या गाण्यांची परीक्षा तिथेच घ्यावी. ध्रुवपद तिसऱ्यांदा आलं की थांबा आणि विचारा, पहिल्या वेळेपेक्षा आता यात काय वेगळं आहे? शब्द बदलले, स्वर वर गेला, मागचा ढोल बदलला, मधल्या कडव्याने त्याच ओळीचा अर्थ फिरवला, यातलं एकही नसेल तर पुढची मिनिटं भरतीची आहेत.

दोन गाणी शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. 'द बुक ऑफ सोल्स'मधलं 'द रेड अँड द ब्लॅक' साडेतेरा मिनिटांचं. सुरुवातीला बेसवर सुटे झंकार, शेवटी तेच झंकार, मध्ये स्टेडियममधल्या गर्दीने म्हणावेत असे ओ-ओ-ओचे लांब तुकडे आणि त्यानंतर गिटारच्या एकापाठोपाठ एक सुरावटी. सुरावटी सुटसुटीत, काही तर फार गोड आहेत. पण शब्दांना कुठे जायचंच नाही, म्हणून नवव्या मिनिटाला कान सुटतो. 'द फायनल फ्रंटियर'चं शेवटचं गाणं 'व्हेन द वाइल्ड विंड ब्लोज' अकरा मिनिटांचं. त्याची चाल तर याहून साधी. वाऱ्याचा आवाज, मग एक सोपी सुरावट, गायकाचा आवाज बहुतांश त्याच सुरावटीच्या मागे मागे चालतो, आणि तीच चाल पुन्हा पुन्हा येते. तरी एक सेकंद कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक कडव्यात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात काहीतरी घडतं. अणुबाँब पडणार या बातम्यांनी घाबरून ते दोघं निवाऱ्याची तयारी करतात, साठा करतात, वाट बघतात. आणि शेवटी जमीन हादरते ती कशाने, हे कळल्यावर पहिल्यापासूनची सगळी चाल वेगळी ऐकू येते. जात्यावरची ओवी एकाच चालीत पहाटभर चालायची ती याच बळावर. ओळ तीच, पण दर ओळीला नवा माणूस, नवं गाव, नवं दुःख यायचं. ज्यांच्या आजीने सवदत्तीच्या वाटेवर किंवा वारीच्या वाटेवर गाणी म्हटली आहेत, त्यांना हे गाणं लवकर कळेल असं आम्हाला मनापासून वाटतं.

अख्खा अल्बम म्हणून सर्वांत वरचा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'. युद्ध आणि धर्म हे दोन विषय बहुतेक अल्बमभर पसरलेले आहेत, त्यामुळे लांब गाणी एकमेकांना आधार देतात. 'द लाँगेस्ट डे' नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांचं. सुरुवातीचा दबलेला बेस होडीच्या इंजिनासारखा धडधडत राहतो, आवाज हळूहळू चढतो, आणि ध्रुवपद येईपर्यंत छातीवर दाब येतो. 'ब्रायटर दॅन अ थाउजंड सन्स' अणुबाँबवर आहे, पावणेनऊ मिनिटांचं. त्यात ताल आणि वेग इतक्या वेळा मोडतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गाणं कुठे आहे तेच कळत नाही, तिसऱ्यांदा ऐकल्यावर सोडवत नाही. 'फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड'चं ध्रुवपद एकाच ओळीची आवृत्ती आहे, म्हणजे आमच्या परीक्षेत खरं तर पडायला हवं. पण दर वेळी त्याआधीचं कडवं देवाच्या नावाने होणाऱ्या लढाईबद्दल आणखी एक प्रश्न टाकून जातं, त्यामुळे तीच ओळ आधी विचारणा, मग तक्रार, मग आक्रोश होत जाते. बँडने हा अल्बम २००६ च्या दौऱ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवला होता. वीस-पंचवीस वर्षं जुन्या गाण्यांसाठी तिकीट काढलेल्या गर्दीसमोर असं करायला आपल्या मालावर भरवसा लागतो.

या अल्बमबद्दल एक गोष्ट माहीत नसली की हमखास गैरसमज होतो. हॅरिसने याचं मास्टरिंग करू दिलं नाही. मास्टरिंग म्हणजे ध्वनिमुद्रण आणि मिश्रण झाल्यावरचा शेवटचा हात, ज्यात सगळ्या गाण्यांची पातळी वर आणून एकसारखी करतात. तो हात न फिरल्यामुळे मूळ सीडी इतर अल्बमांपेक्षा कमी आवाजात वाजते. 'डान्स ऑफ डेथ'नंतर लगेच लावली तर ती मेल्यासारखी वाटते आणि माणूस म्हणतो, यात दम नाही. आवाज दोन-तीन घरं वाढवा, मग ढोलाच्या कातड्याचा खरा आवाज, बेसच्या तारेचा घासल्याचा खरखरीतपणा आणि मोकळी हवा ऐकू येते. हा अल्बम इतर गाण्यांत मिसळून, उलटसुलट क्रमाने कधीच ऐकू नये.

'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'वर फार लिहायला नको, तो सर्वांना आवडतो आणि तो आवडण्यात चूक नाही. निर्माता केव्हिन शर्ली इथून बँडसोबत आहे आणि सगळ्यांनी एकत्र वाजवून मुद्रण करायची पद्धतही इथूनच रुळली. 'द विकर मॅन' साडेचार मिनिटांत सगळं सांगून मोकळा होतो. 'ब्लड ब्रदर्स' हॅरिसने वडिलांच्या आठवणीत लिहिलं. ते ऐकताना मांडीवर दादरा धरा, धा धी ना, धा ती ना. सहा मात्रांचा तो झोका गाणंभर टिकतो आणि रॉकमध्ये नेहमी अंगावर येणारी चौकोनी चाल इथे विरघळते. बँडने पुढे दोन दशकं हे गाणं मंचावर परत परत आणलं ते उगाच नाही. 'ड्रीम ऑफ मिरर्स' मात्र नऊ मिनिटांचं व्हायचं कारण नव्हतं. सहा मिनिटांत ते पहिल्या रांगेत बसलं असतं.

'डान्स ऑफ डेथ' विसंगत आहे. मुखपृष्ठावरची संगणकावर केलेली अर्धवट आकृत्यांची गर्दी इतकी वाईट आहे की चित्रकाराने आपलं नाव घालू नका म्हणून सांगितलं. आत 'पॅशेनडेल' आहे, पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवरचं साडेआठ मिनिटांचं गाणं, आणि या सहा अल्बमांमधलं सर्वोत्तम गाणं कोणतं असं विचारलं तर आम्ही त्याच्याकडेच बोट दाखवू. सुरुवातीला झांजेवर बारीक टिचक्या आणि गिटारचा एकच तुकडा, कोणीतरी दूरवर तार यंत्र ठोकतंय तसा. मग काही सूचना न देता सगळा बँड अंगावर. पुन्हा टिचक्या. पुन्हा स्फोट. खंदकातली शांतता आणि भडिमार हे शब्दांनी सांगण्याआधी मांडणीनेच सांगून टाकलंय. 'जर्नीमन' पूर्णपणे अकूस्टिक, 'रेनमेकर' चार मिनिटांच्या आत. 'फेस इन द सँड'मध्ये ढोलवादक निको मॅकब्रेनने जोड-पेडल वापरलंय, एरवी हा माणूस आयुष्यभर एकाच पायाने तो वेग काढत आला आहे, म्हणून ढोल वाजवणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी ऐकावं. 'नो मोअर लाइज' आणि 'गेट्स ऑफ टुमॉरो' वगळून अल्बम लावला तर पन्नास-पंचावन्न मिनिटांचं भरगच्च काम हाती राहतं.

'द फायनल फ्रंटियर' बहामातल्या कंपास पॉइंट स्टुडिओत मुद्रित झाला. १९८३-८४ चे गाजलेले अल्बम इथलेच, त्यामुळे जुन्या मंडळींनी मोठी आशा धरली होती. आणि पहिली साडेचार मिनिटं काय ऐकू येतं? 'सॅटेलाइट १५'चा यांत्रिक ढोल-बेसचा गोंगाट, जो मुळात एड्रियन स्मिथचं घरगुती कच्चं मुद्रण होतं. बरेच जण तिथेच बंद करतात. बंद करू नका, ओलांडा. 'कमिंग होम' ऐका. डिकिन्सन स्वतः विमान चालवतो आणि रात्री घराकडे उतरणाऱ्या वैमानिकाची नजर त्या गाण्यात खरी उतरली आहे. मग थेट 'द टॅलिस्मन' आणि वर सांगितलेलं शेवटचं गाणं. मधली तीन-चार आठवड्याने ऐकली तरी चालतील.

'द बुक ऑफ सोल्स' दोन सीडींचा आहे आणि इथे आमचा सल्ला जरा उफराटा वाटेल: दुसरी सीडी आधी लावा. पहिलीत दम असलेली गाणी आहेत, 'इफ इटर्निटी शुड फेल' तर बँडच्या उत्तम सुरुवातींपैकी एक. पण तिच्यावर 'द रेड अँड द ब्लॅक'चं ओझं आहे. दुसरी सुमारे ४२ मिनिटांची, म्हणजे १९८२ च्या अख्ख्या अल्बमएवढी. तिच्यातलं 'शॅडोज ऑफ द व्हॅली' सुरू होताच १९८६ च्या 'वेस्टेड इयर्स'ची सुरावट कानात घुसते, हे साम्य टाळायला हवं होतं. 'टिअर्स ऑफ अ क्लाउन' रॉबिन विल्यम्स या अभिनेत्यावर आहे. आणि शेवटी १८ मिनिटांचं 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स', बँडचं सर्वांत लांब गाणं. डिकिन्सनने ते पियानोवर रचलं. विषय आर १०१ या ब्रिटिश एअरशिपचा, म्हणजे वायू भरलेल्या प्रचंड हवाई जहाजाचा. हे जहाज इंग्लंडहून निघालं होतं कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात, आणि ५ ऑक्टोबर १९३० ला पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली.

या गाण्यात ध्रुवपदच नाही. उड्डाणाची तयारी, पाऊस, वादळ, नाक खाली जाणं, आग, मागे राहिलेली राख, असं ते पुढेच जात राहतं. मधल्या वाद्यांच्या भागात तिन्ही गिटार जहाजासारख्या हेलकावे खातात, मॅकब्रेनचा ढोल सैनिकी ठेक्यावरून वादळावर जातो, आणि पियानो परत येतो तेव्हा आपण कुठून निघालो होतो हे आठवून घशात दाटतं. हे गाणं बँडने मंचावर पूर्ण वाजवलेलं नाही. लांबीला नावं ठेवणाऱ्यांना आम्ही आधी हेच लावायला सांगतो.

आवाजाचं काय, हा प्रश्न 'सेंजुत्सू'पाशी टाळता येत नाही. डिकिन्सनचा जन्म १९५८ चा. २०१५ मध्ये त्याच्या जिभेच्या कर्करोगावर उपचार झाले. 'द बुक ऑफ सोल्स' त्याआधी मुद्रित झाला होता आणि उपचारांमुळे उशिरा आला. 'सेंजुत्सू' २०१९ मध्ये पॅरिसच्या गियोम टेल स्टुडिओत मुद्रित झाला, त्यात ऐकू येतो तो उपचारांनंतरचा, साठी गाठलेला गळा. वरच्या स्वरांवर तो आता धारदार राहत नाही, कडेला थोडा फाटतो, आणि शब्दांतले काही स्वर रुंद होतात. पण मध्य सप्तकात त्याला पूर्वी नव्हतं असं वजन आलंय. 'द रायटिंग ऑन द वॉल'च्या कडव्यांत ते स्वच्छ ऐकू येतं. 'डार्केस्ट अवर'मध्येही.

बेळगावच्या माणसाने तरी गळ्याच्या बदलावर नाक मुरडू नये. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, जन्म १९२४. क्षयाच्या मोठ्या आजारानंतर ते पुन्हा गायला बसले तेव्हा दमसास तुटका होता, आणि त्या तुटक्या दमसासातूनच छोट्या, झेपावणाऱ्या फेकीची गायकी उभी राहिली. आधीचा गळा परत आणा, असं त्यांना कोणी जाणत्याने म्हटलं नाही. डिकिन्सनच्या बाबतीत अडचण गळ्याची नाहीच, रचनेची आहे. हॅरिस अजूनही त्याच्यासाठी पंचविशीतल्या गळ्याच्या उंचीवर ओळी बांधतो आणि वर गिटारला तीच ओळ सोबत वाजवायला लावतो. गिटार तिथे सहज पोचते, माणूस ओढत पोचतो. भरीला मिश्रणात आवाज गिटार आणि कीबोर्डच्या मागे ठेवलाय. 'लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड' ऐकताना हे फार खटकतं. स्मिथने डिकिन्सनसोबत बांधलेल्या गाण्यांमध्ये पट्टी गळ्याला बेतून आहे, म्हणून ती अंगाला बसतात.

'सेंजुत्सू'ची शेवटची तीन गाणी हॅरिसची एकट्याची आहेत, मिळून ३४ मिनिटं. तिन्ही सलग ऐकू नयेत, एकसारखी मंद सुरुवात तीनदा आल्याने तिसऱ्याचं नुकसान होतं. आणि तिसरं, 'हेल ऑन अर्थ', त्या तिघांत निर्विवाद उजवं आहे. ते सुटं लावा. २०२३ च्या दौऱ्यात बँडने ते शेवटच्या भागासाठी राखून ठेवलं होतं. 'द पार्चमेंट'मध्ये साडेबारा मिनिटांपैकी चार कोणाला कळू न देता कापता येतील. कात्री चालवणारा निर्माता हवा होता, ही तक्रार शर्लीविरुद्ध चाहते वर्षानुवर्षं करतात आणि आम्ही तिच्यात सामील आहोत.

इकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत मेडन वाजतो तो बहुधा 'द ट्रूपर' आणि 'फिअर ऑफ द डार्क' एवढाच. नव्या गाण्यांना तीन गिटार लागतात असं म्हणून पोरं सोडून देतात. ही समजूत अर्धीच खरी. 'द विकर मॅन', 'रेनमेकर', 'स्पीड ऑफ लाइट' दोन गिटारवर पूर्ण उभी राहतात. 'ब्लड ब्रदर्स'ला एक कीबोर्ड द्या, तिसऱ्या गिटारची उणीव भासत नाही. चुकतं ते बेसवर. हॅरिस दोन बोटांनी घोडदौड वाजवतो. नवखा वादक मनगट आवळतो, दुसऱ्या कडव्याला हात भरून येतो आणि 'धा तिट'मधला 'तिट' गिळला जातो, मग ऐकणाऱ्याला नुसता 'धा धा' पोचतो. आधी निम्म्या वेगाने, मेट्रोनोम लावून, तिन्ही ठोके सारख्या जोराचे येईपर्यंत बसावं, मग आठवड्याला थोडा थोडा वेग वाढवावा. तारा चपट्या वेटोळ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड, मिळाल्या तर हॅरिसच्या आवाजाच्या जवळ जाता येतं. आणि पारखायला हीच खरी कसोटी: जे गाणं दोन गिटार आणि साध्या अँपवर उभं राहतं त्याची रचना भक्कम. 'डेथ ऑफ द केल्ट्स' तसं वाजवून पाहिलं की मधली मिनिटं उघडी पडतात.

ऐकायच्या साधनाबद्दल. मोबाइलच्या स्पीकरवर हे अल्बम जोखू नका. त्यात बेसचा खालचा भाग येतच नाही, फक्त तारेची टकटक येते, आणि तीन गिटार एकमेकींवर चढून पत्र्याचा आवाज होतो. गणपतीत भाड्याने येणाऱ्या मोठ्या डब्यांवर उलटी तऱ्हा, बेस इतका फुगवलेला असतो की मॅकब्रेनचा पाय आणि हॅरिसची बोटं एक होऊन चिखल होतो. मध्यम किमतीचा तारेचा हेडफोन बरा. बेस बूस्ट पूर्ण बंद करा. समतोलक, म्हणजे इक्वलायझर, असेल तर २५० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवा, तिथेच गिटार आणि कीबोर्डची गर्दी साचते. दोन-तीन हजार हर्ट्झवर एखादा डेसिबल चढवा, मागे पडलेला आवाज पुढे येतो. 'सेंजुत्सू'ला याचा सर्वांत जास्त फायदा होतो.

विकत घ्यायचं तर क्रम असा ठेवा: 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', मग 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ', मग 'सेंजुत्सू'. 'द बुक ऑफ सोल्स' चौथा. 'डान्स ऑफ डेथ' आणि 'द फायनल फ्रंटियर' यांतली आवडती गाणी सुटी मिळवली तरी अन्याय होत नाही. पहिलाच म्हणून 'द बुक ऑफ सोल्स' कोणाला भेट देऊ नका, ९२ मिनिटं बघूनच माणूस घाबरतो. 'द बुक ऑफ सोल्स' आणि 'सेंजुत्सू' यांच्या तबकड्या घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, दोन्ही तीन-तीन एलपींचे आहेत. साधारण दर चौदा-पंधरा मिनिटांना उठून बाजू बदलावी लागते, आणि या दोन अल्बमांसाठी ती सक्तीची विश्रांती चांगलीच.

खानापूर, चंदगडच्या बाजूला आणि बेळगावातही जून ते सप्टेंबर बुरशीचा काळ. एलपी आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पंधरा दिवसांनी बदला. कागदी आतली पिशवी ओल धरते, प्लास्टिकची घाला. सीडीच्या छापील बाजूवर पांढरे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने गोल गोल पुसू नका. मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'ची मूळ, मास्टरिंग न केलेली सीडी कोणाकडे असेल तर ती अशी जपा, कारण नंतरच्या आवृत्त्या नव्याने मास्टर केलेल्या आहेत आणि तो खरखरीत, मोकळा आवाज त्यांत तसाच्या तसा मिळत नाही.